जुन्या डेस्कटॉपला जास्त स्पीडची रॅम घालून फरक पडेल का?

डीटीपीताई_खानापूर

नमस्कार मंडळी. खानापूरच्या बाजारपेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, आणि त्याच टेबलावर कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू पोर्टलचे अर्ज भरणं, जमिनीचे उतारे काढून देणं. मराठी मजकूर श्रीलिपीत, कन्नड नुडीत, जुळणी कोरलमध्ये, फोटोचं काम फोटोशॉपमध्ये. आमच्याकडे एका पत्रिकेत दोन्ही भाषा लागतात, पाटीवर तर साठ टक्के कन्नड लागतंच. त्यामुळे चार-पाच प्रोग्रॅम एकदम उघडे, आणि मागं ब्राउझर चालूच.

सकाळी मशीन चांगलं चालतं. दुपारपर्यंत कामं साठली की कोरलमधून फोटोशॉपमध्ये जाताना पडदा पांढरा पडतो, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं आणि कॅबिनेटवरचा तांबडा दिवा न लुकलुकता सलग पेटून राहतो. तो विझेपर्यंत माउससुद्धा धड हलत नाही. समोर मुलीचे वडील बसलेले असतात, मामाच्या नावातली एक वेलांटी दुरुस्त करून हवी असते, आणि तेवढ्यासाठी त्यांना ताटकळत बसवायला मला फार वाईट वाटतं. लांब गावातून एसटीने आलेली माणसं असतात, त्यांची परतीची गाडी ठरलेली असते.

मशीन असं आहे: इंटेल आय-५ ४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क. वेगळं ग्राफिक कार्ड नाही. विंडोज १०.

बेळगावात एका दुकानात विचारलं तर म्हणाले, १८६६ स्पीडची रॅम घ्या, आत्ताच्यापेक्षा फास्ट, मशीन पळायला लागेल. पुतण्या म्हणतो २१३३ चीही मिळते, घ्यायची तर तीच घे. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो, नवीन मशीन आत्ता झेपणारं नाही. जे पैसे घालायचे ते नेमके जिथं उपयोग होईल तिथंच जावेत. १८६६ घ्यावी की २१३३? आणि आहे ती पट्टी काढून टाकायची की तिच्या शेजारी दुसरी लावायची?

फ्लेक्सवाला_चंदगड

ताई, आमच्यात पण असंच होऊलेलं. रॅम वाढवल्यावर बरं झालं, पण ती स्पीडची होती म्हणून की जास्त होती म्हणून, ते काय मला सांगता येणार नाही. निपाणीचे दादा येतील, ते नीट सांगतील. एक विचारतो, फ्लेक्सची फाइल तुम्ही किती रिझोल्युशनला, म्हणजे इंचाला किती पिक्सेल ठेवून, करूलाय? त्याचं उत्तर द्या, त्यावर मला बोलायचं आहे.

हार्डवेअर_निपाणी

ताई, अजून पैसे दिले नसाल तर थांबा.

१८६६ ची पट्टी घेतली काय किंवा २१३३ ची घेतली काय, तुमच्या बोर्डात ती जास्तीत जास्त १६०० वर चालणार. आय-५ ४४६० ला इंटेलने डीडीआर३ १३३३ आणि १६०० एवढीच मान्यता दिलेली आहे, आणि एच८१ हा त्या पिढीतला सगळ्यात साधा चिपसेट, त्यात रॅम वर चढवायची सोय नाही. उलट एक धोका आहे तो कुणी सांगत नाही. जास्त स्पीडच्या पट्टीत तिचा मोठा आकडा एक्सएमपी नावाच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये नोंदलेला असतो. बोर्डाने ते प्रोफाइल उचललं नाही तर पट्टी स्वतःच्या साध्या नोंदीवर येते, आणि ती नोंद बऱ्याच पट्ट्यांत १३३३ ची असते. म्हणजे पैसे २१३३ चे द्यायचे आणि आज आहे त्यापेक्षाही खाली यायचं. शेजारची जुनी १६०० ची पट्टीसुद्धा मग तिच्याबरोबर खाली येते, कारण दोन पट्ट्या एकत्र लावल्या की दोघी हळू असलेलीच्या चालीने चालतात.

स्पीड या आकड्याबद्दलही थोडं सांगतो, कारण दुकानात त्याच आकड्यावर माल विकला जातो. १६०० म्हणजे एका चॅनेलमधून, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या एका वाटेने, सेकंदाला १२.८ जीबी माहिती जाऊ शकते, १३३३ म्हणजे साधारण १०.६ जीबी. पण मागितलेली माहिती यायला सुरुवात व्हायला किती वेळ लागतो, तो हिशोब वेगळा. १३३३ ची सीएल ९ वाली (सीएल म्हणजे थांबायचे ठोके) पट्टी घ्या, तो वेळ साडेतेरा नॅनोसेकंद. १६०० ची सीएल ११ वाली घ्या, पावणेचौदा. २१३३ ची सीएल १३ वाली घेतली तरी बारा नॅनोसेकंदांच्या वरच. मेगाहर्ट्झ वाढत गेले आणि थांबायचा वेळ जवळपास तिथंच राहिला. पत्रिका, कोरल, ब्राउझर या कामात हा फरक डोळ्याला दिसत नाही.

आता तुमचा तांबडा दिवा. तुम्ही तो लिहिलात हे फार चांगलं केलंत, कारण सगळं दुखणं त्या दिव्यात आहे. तो दिवा हार्ड डिस्कचा. ४ जीबी भरली की विंडोज काय करतं, तर जो प्रोग्रॅम आत्ता समोर नाही त्याचा रॅममधला भाग उचलून डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवतं. तुम्ही कोरलमधून फोटोशॉपकडे वळलात की कोरल डिस्कवर लिहायचं आणि फोटोशॉप डिस्कवरून परत आणायचं, दोन्ही कामं त्या एका फिरणाऱ्या तबकडीवर येतात. रॅममधून माहिती यायला नॅनोसेकंद लागतात. तबकडीवरचं डोकं योग्य जागी जाऊन माहिती समोर यायला दहा-बारा मिलिसेकंद, आणि एक मिलिसेकंद म्हणजे दहा लाख नॅनोसेकंद. रॅम १६०० ची असो की २१३३ ची, ती कमी पडली की मशीन डिस्कच्या चालीनेच चालतं. म्हणून तुम्हाला रॅम हवी आहे ती जास्त. फास्टचा विचार इथं करूच नका.

पण हे मी नुसत्या तुमच्या लिहिण्यावरून सांगतोय. पैसे घालण्याआधी डोळ्याने बघा. दुपारी मशीन अडकायला लागलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथं किती वापरात आहे, 'कमिटेड' पुढे कोणते दोन आकडे आहेत, स्पीड किती, आणि 'स्लॉट्स यूज्ड' पुढे काय आहे, ते लिहून घ्या. बाजूलाच डिस्क आहे, ती किती टक्क्यांवर आहे तेही बघा. शिवाय सेटिंग्जमध्ये सिस्टिम, अबाउट इथं जाऊन 'सिस्टिम टाइप' पुढे काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथं टाका. ही शेवटची ओळ विसरू नका.

कुणी सीपीयू-झेड हा मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम चालवून बघायला सांगितलं आणि त्यात ७९८ मेगाहर्ट्झ दिसले तर घाबरू नका. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती देते, त्यामुळे तिथं निम्मा आकडा दिसतो. ७९८ म्हणजेच १६०० ची पट्टी. रॅम निम्म्या स्पीडने चालतेय म्हणून कितीतरी लोक मशीन उचलून माझ्याकडे घेऊन येतात.

टिळकवाडी_इंजिनिअरिंग

दादा, तुमचं पटतंय, पण रॅमचा स्पीड वाढवून गेममध्ये फ्रेम वाढलेले मी स्वतः बघितलेत, माझ्या मित्राच्या मशीनवर. मग स्पीडने काहीच होत नाही असं कसं? काकूंच्या मशीनमध्ये ग्राफिक कार्ड नाही म्हणजे ग्राफिकसुद्धा रॅमवरच चालणार ना?

हार्डवेअर_निपाणी

बरोबर प्रश्न आहे. ग्राफिक रॅममधूनच चालतं, ४४६० मध्ये एचडी ४६०० आहे आणि त्याला स्वतःची मेमरी नाही. म्हणूनच ताईंना मी एका मोठ्या पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या घ्यायला सांगणार आहे. एच८१ बोर्डावर दोनच खण असतात आणि दोन्ही वेगवेगळ्या चॅनेलचे. दोन्ही भरले की १२.८ च्या जागी २५.६ जीबीची वाट मिळते. स्पीडची पट्टी घेऊन जे या बोर्डावर मिळणारच नाही, ते दुसरा खण भरून मिळतं. तुझ्या मित्राचं मशीन कोणतं ते सांग, त्यावर नंतर बोलू. आधी ताईंचं होऊ दे.

डीटीपीताई_खानापूर

दादा, सांगितल्याप्रमाणे सगळं लिहून घेतलं. कोरल, फोटोशॉप, नुडी आणि ब्राउझर चालू असताना बघितलं. वापरात २.९ जीबी. कमिटेड ६.८ / ७.९. स्पीड १६००. स्लॉट्स यूज्ड '१ ऑफ २'. डिस्क १०० टक्के, खाली यायलाच तयार नाही. आणि रॅम ४ जीबी आहे पण तिच्यापुढे '३.२० जीबी यूजेबल' असं लिहिलंय.

सिस्टिम टाइप पुढे: '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर'.

त्यावेळी विंडोज घालून देणाऱ्यांनी सांगितलं होतं की श्रीलिपीचा डोंगल (परवान्यासाठी मशीनला लावायचा तुकडा) जुना आहे, त्याला ३२-बिटच लागतं. मी त्यात पुढं काही बघितलं नाही. हे वाईट आहे का?

हार्डवेअर_निपाणी

ताई, या ओळीसाठीच थांबा म्हटलं होतं. ३२-बिटच्या विंडोज १० ला ४ जीबीच्या वर रॅम वापरताच येत नाही, आणि त्यातलीही काही जागा हार्डवेअरच्या पत्त्यांसाठी राखून ठेवली जाते म्हणून तुम्हाला ३.२ दिसतात. तुम्ही उद्या १६ जीबी लावली असतीत तरी तुम्हाला ३.२ च मिळाली असती, मग ती कुठल्याही स्पीडची असो. आणि कमिटेडचा आकडा बघा, प्रोग्रॅमांनी ६.८ मागितले आहेत आणि जागा आहे ३.२. उरलेलं बहुतेक त्या तबकडीवर चाललंय.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र करायच्या आहेत: ६४-बिट विंडोज, जास्त रॅम आणि एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली फास्ट डिस्क. एकच केली तर अर्धवट राहील. प्रोसेसर तुमचा चांगला आहे, चार कोअरचा आहे, या कामाला अजून पुरतो. त्याला हात लावू नका.

डोंगलची काळजी मला समजते. तुमच्या सगळ्या जुन्या पत्रिका त्याच्यावर आहेत. ३२-बिट विंडोजचे ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणारे छोटे प्रोग्रॅम, ६४-बिटवर चालत नाहीत हे खरं, डोंगलला ६४-बिटचा ड्रायव्हर वेगळा लागतो. तुमच्या आवृत्तीला तो आहे का हे श्रीलिपी बनवणाऱ्यांनाच फोन करून विचारा, डोंगलवर छापलेला नंबर हाताशी ठेवा. दुसरं, फार जुन्या प्रोग्रॅमांचे इन्स्टॉलर १६-बिट असत, ते ६४-बिट विंडोजवर उघडतच नाहीत. तसं एखादं तुमच्याकडे असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

म्हणून असं करा, आणि यात धोका काही नाही. नवीन अडीच इंची साटा (हार्ड डिस्कसारखी केबलने जोडायची) एसएसडी घ्या. तुमच्या बोर्डावर बहुधा एम.२ चा खण नसेल, तेव्हा त्या लांब चपट्या पट्टीसारख्या एसएसडीच्या नादाला लागू नका. कामाच्या फाइली पहिल्यांदा पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. मग जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, पूर्ण बाजूला. एकटी एसएसडी जोडून तिच्यावर ६४-बिट विंडोज घाला. तुमचं विंडोज १० अॅक्टिव्ह असेल तर त्याच आवृत्तीचं ६४-बिट त्याच बोर्डावर नेटला जोडल्यावर आपोआप अॅक्टिव्ह होतं, नवीन की लागत नाही. मग श्रीलिपी, नुडी, कोरल घालून दोन्ही भाषांत एक-एक पत्रिका छापून बघा. काही अडलं तर एसएसडीची केबल काढा, जुनी डिस्क जोडा, तुमचं दुकान कालच्यासारखं सुरू. जमलं तर जुनी डिस्क नंतर दुसरी म्हणून लावा आणि फाइली ठेवायला वापरा. एच८१ वर चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोनच जोरात चालणारे. बोर्डाच्या पुस्तकात बघून एसएसडी त्यातल्या एकाला लावा.

आता रॅमची खरेदी. नवीन डीडीआर३ घेण्यापेक्षा बंद झालेल्या ऑफिसच्या मशीनमधून काढलेली, चांगल्या कंपनीची पट्टी मी जास्त पसंत करतो. सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन, यातली कुठलीही. पट्टीवरचं पांढरं लेबल वाचा. त्यावर '८ जीबी २आर×८ पीसी३-१२८००यू' असं काहीतरी असेल. १२८०० म्हणजेच १६०० ची पट्टी, दोन्ही एकच. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. 'यू' असेल तर डेस्कटॉपची. 'एस' असेल तर लॅपटॉपची, ती आकाराने लहान असते आणि बसणारच नाही. 'आर' असेल तर सर्व्हरची. सर्व्हरची पट्टी खणात बसते, दिसायला सारखीच, स्वस्तही मिळते, आणि तुमच्या बोर्डावर मशीन सुरूच होत नाही. पीसी३ च्या पुढे 'एल' असेल तर ती १.३५ व्होल्टची, तीही तुमच्या बोर्डात १.५ व्होल्टवर चालते, हरकत नाही.

ऑनलाइन बघणार असाल तर आणखी एक जपा. 'फक्त एएमडीसाठी' असं बारीक अक्षरात लिहिलेल्या ८ जीबीच्या पट्ट्या फार स्वस्तात दिसतात. त्यांतल्या चिपांची मांडणी इंटेलच्या कंट्रोलरला समजत नाही, मशीन चालू होत नाही, आणि माणूस बोर्ड गेला म्हणून रडत बसतो. डीडीआर४ ची पट्टी कुणी दिली तर ती बसणारच नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते आणि पिना २४० ऐवजी २८८. जोर लावू नका.

८ च्या दोन पट्ट्या घेतल्या तर १६ जीबी होतात, या बोर्डाची तीच हद्द. पैसे कमी पडत असतील तर ८ ची एकच घ्या आणि आत्ताची ४ ची शेजारी राहू द्या, १२ जीबी होईल. त्यात ४ आणि ४ मिळून आठ जीबीला दोन्ही चॅनेल मिळतात, वरचे चार एकाच चॅनेलवर चालतात. तुमच्या कामाला तेही चालेल. पण एसएसडी मात्र सोडू नका.

लावताना मशीनची वायर भिंतीवरच्या लाईटच्या बोर्डातून काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलेला करंट उतरतो. हात कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला लावून मगच पट्टीला हात लावा. दुसरा खण इतकी वर्षं रिकामा आहे, आणि तुमच्या खानापूरची पावसातली ओल मला माहीत आहे. ब्रशने खण झाडून घ्या. जुन्या पट्टीच्या सोनेरी दातांवर काळपट थर आला असेल तर पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासा, रबराचा चुरा पूर्ण पुसा. पट्टी दोन्ही टोकांना सारखी दाबा, क्लिप आपोआप मिटून टक्‌ आवाज आला पाहिजे. एक टोक अर्धवट राहिलं की मशीन नुसतं बीप मारत राहतं आणि लोकांना वाटतं रॅम खराब आहे.

फ्लेक्सवाला_चंदगड

दादांनी सगळं सांगितलं, आता माझं ऐका. ताईंनी मला वेगळं कळवलं की त्या दहा बाय सहा फुटांची फाइल १५० रिझोल्युशनला करतात. वहीत हिशोब मांडून दाखवतो. दहा फूट म्हणजे १२० इंच, गुणिले १५०, झाले १८,००० पिक्सेल. सहा फूट म्हणजे ७२ इंच, त्याचे १०,८००. दोन्हींचा गुणाकार साडेएकोणीस कोटी पिक्सेलच्या आसपास. सीएमवायके, म्हणजे छपाईचे चार रंग, म्हणून प्रत्येक पिक्सेलला चार बाइट. एकच पूर्ण भरलेला लेयर ७४० एमबी! त्यावर नेत्याचा फोटो, वाढदिवसाच्या मुलाचा फोटो, मित्रमंडळाचे वीस-पंचवीस चेहरे, मागं ढग आणि किरणं. ३.२ जीबीत हे बसायचं कसं?

तीच फाइल ७२ ला करा. ८,६४० गुणिले ५,१८४, एक लेयर १७० एमबीच्या आसपास. चौपटीहून जास्त फरक. फ्लेक्स रस्त्याच्या पलीकडून बघायचा असतो, हातात धरून नव्हे. आमच्याकडं बेळगाव, गडहिंग्लज, सगळीकडनं फाइली येऊलेत, मोठ्या फ्लेक्सला ७२ ची फाइल आली तर आम्ही डोळे झाकून छापतो. अक्षरं तेवढी फोटोशॉपमध्ये करू नका, कोरलमध्ये ठेवा, ती कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत. पत्रिकेला मात्र ३००, तिथं तडजोड नको. ती माणूस हातात धरून वाचतो आणि जपून ठेवतो.

हे आजच करता येतंय, त्याला रॅम पण लागत नाही आणि एसएसडी पण.

हार्डवेअर_निपाणी

चंदगडकरांनी सांगितलेलं पहिलं करा, ताई. त्यात मी एवढंच घालतो की ३२-बिटचा प्रोग्रॅम एकट्याने ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, बरेच तर २ जीबीलाच थांबतात, मशीनमध्ये रॅम कितीही असो. फोटोशॉप सीएस४ पासून आणि कोरल एक्स६ पासून ६४-बिटमध्ये मिळतात. तुमच्याकडे कुठली आवृत्ती आहे ते बघून ६४-बिटवालीच उघडत जा. काही आवृत्त्या दोन्ही एकदम बसवतात आणि डेस्कटॉपवर दोन सारखे आयकॉन येतात.

डीटीपीताई_खानापूर

सगळ्यांना सांगते, काम झालं. श्रीलिपीवाल्यांना फोन केला, डोंगलचा नंबर सांगितला, त्यांनी ६४-बिटचा ड्रायव्हर कुठला ते सांगितलं. पुतण्याने दादांच्या सांगण्याप्रमाणे जुनी डिस्क बाजूला काढून एसएसडीवर विंडोज घातलं. रॅम ८ च्या दोन मिळाल्या, लेबल मी स्वतः वाचून घेतलं. दुकानदाराने पहिल्यांदा जी दिली तिच्यावर शेवटी 'आर' होता, मी ती परत ठेवायला लावली आणि 'यू' वाली मागितली.

आता टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी, '२ ऑफ २', स्पीड १६००. तीच कामं, तेवढेच प्रोग्रॅम उघडून बघितलं, सात जीबीच्या आसपास वापर जातो आणि डिस्क बहुतेक वेळ एक-दोन टक्क्यांवर. कोरलमधून फोटोशॉपमध्ये जाताना पडदा पांढरा पडायचा थांबला. नुडीतून कन्नड मजकूर उचलून कोरलमध्ये टाकला की लगेच उमटतो. फ्लेक्सही ७२ ला करायला लागले, छापून आलेला बघितला, चेहरे स्वच्छ आहेत.

एक जुना पत्ते छापायचा प्रोग्रॅम मात्र ६४-बिटवर उघडत नाही, दादा म्हणाले तसाच १६-बिटवाला असणार. त्याचं काम आता एक्सेलमधून करते. अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जुनी ४ ची पट्टी ठेवू की देऊन टाकू? आणि विंडोज १० बंद झालं म्हणतात, त्याचं काय करायचं?

हार्डवेअर_निपाणी

फार बरं वाटलं, ताई. 'आर' वाली परत केलीत हे तर उत्तमच.

पट्टी ठेवा, देऊ नका. नवीन दोन्हींतली एखादी बिघडली तर मशीन चालू ठेवायला आणि दोष शोधायला तीच कामाला येते. नवीन पट्ट्या सेकंडहँड आहेत, तेव्हा मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून एक पूर्ण फेरी तरी चालवा. रात्रभर ठेवलंत तर अजून चांगलं, फक्त मध्ये लाईट गेली की टेस्ट पहिल्यापासून सुरू करावी लागते. एकही तांबडी ओळ आली तर पट्ट्या एकेक करून तपासा आणि वाईट निघेल ती वॉरंटीत बदलून घ्या. रॅममधला असा दोष लगेच दिसत नाही, फाइल सेव्ह होताना एखादं अक्षर बिघडतं आणि छापून आल्यावर कळतं.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव अपडेटची नोंदणी ठेवली होती, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, तुमची चौथी, तेव्हा त्या वाटेला अधिकृतपणे जाता येणार नाही. तुम्ही लोकांचे आधार नंबर, बँकेचे तपशील त्या मशीनवर टाकता. माझं मत असं आहे की सेवासिंधूची आणि पैशाची कामं हळूहळू दुसऱ्या, अपडेट मिळणाऱ्या मशीनवर न्या, साधा जुना लॅपटॉप आठव्या पिढीचा मिळाला तरी पुरे. हे मशीन डीटीपीला ठेवा. तिथं ते अजून चांगलं चालेल.

टिळकवाडी_इंजिनिअरिंग

काकू, छान झालं. दादा, मित्राचं मशीन एएमडीच्या रायझन ३ ३२००जी प्रोसेसरचं आहे, ग्राफिक कार्ड नाही, ८ जीबी २४०० ची एकच पट्टी. त्याला पण स्पीड सोड म्हणून सांगू का?

हार्डवेअर_निपाणी

नाही, त्याला स्पीड घ्यायला सांग. तिथं गणित वेगळं आहे. ३२००जी मधलं व्हेगा ग्राफिक एचडी ४६०० पेक्षा पुष्कळ ताकदीचं आहे आणि त्याला रॅमची वाट अरुंद पडते. शिवाय त्या प्रोसेसरच्या आतले भाग एकमेकांशी ज्या रस्त्याने बोलतात तो रस्ताही रॅमच्याच घड्याळावर चालतो. एएमडीने त्याला डीडीआर४ २९३३ पर्यंत मान्यता दिलीय. ३२०० च्या ८-८ च्या दोन सारख्या पट्ट्या घे म्हणावं आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी चालू कर. ते चालू केलं नाही तर बहुतेक पट्ट्या २४०० किंवा २६६६ वरच बसून राहतात. ३२०० वर मशीन अडखळायला लागलं तर २९३३ वर आण. पण आधी बोर्ड कुठला आहे ते विचारून इथं लिही, ए३२० चिपसेटचा असेल तर बायोस अपडेट करायची गरज आहे का ते बघून सांगतो.